केसाचे बंधन, नजरेचे बंधन : गिऱ्हा आणि लेप्रेकॉन

१

आयरिश लोककथा मराठीत आणू पाहणारा अनुवादक 'लेप्रेकॉन' या शब्दापाशी थांबतो. 'बुटका' म्हटले तर केवळ देहाचे माप हाती लागते. 'परी' म्हटले तर मराठी बालकथांनी रूढ केलेली पंखांची नाजूक स्त्रीमूर्ती आड येते. 'यक्ष' म्हटले तर धनरक्षणाचा धागा जुळतो. पण कुबेराच्या परिवारातील या देवयोनीला जे पौराणिक वजन आहे, ते कुंपणाच्या आडोशाला बसून जोडा शिवणाऱ्या म्हाताऱ्याला पेलवत नाही. अशा वेळी लोकपरंपरेतलाच एखादा पर्याय शोधण्याकडे कल होतो आणि कोकणाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला 'गिऱ्हा' आठवतो. गिऱ्हाही माणसाच्या कचाट्यात सापडला तर त्याला हवे ते आणून देतो, सुटकेसाठी धडपडतो आणि सुटला की धन्याच्या पदरी नुकसान टाकतो. एवढ्या वर्णनावरून दोघांची जात एकच वाटते.

हे साम्य नेमके कोणत्या पातळीवरचे आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ प्रतिशब्दाचा प्रश्न नव्हे. दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेषा'पासून मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची जी वाट रुळली, तिच्यावर कल्पनाबंधांच्या सूचीचे ऋण मोठे आहे. स्टिथ थॉम्प्सन यांच्या जागतिक सूचीत लेप्रेकॉनला खुज्यांच्या वर्गात (एफ ४५१) उपविभाग मिळालेला आहे, आणि धनाचा राखणदार वेगळ्या वर्गात (एन ५७०) नोंदलेला आहे. सूचीमुळे दूरदूरच्या कथा शेजारी आणून ठेवता येतात, ही तिची मोठी सोय. परंतु शेजारी ठेवलेल्या गोष्टी एकमेकींशी काय बोलतात, हे सूची सांगत नाही. गिऱ्हा आणि लेप्रेकॉन यांची तुलना ही या मर्यादेची चांगली कसोटी ठरते.

२

आज जगभर ओळखीचा असलेला लेप्रेकॉन हा प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील छापील संहितांमधून घडलेला आहे. टी. क्रॉफ्टन क्रोकर यांनी १८२५ मध्ये दक्षिण आयर्लंडमधील परीकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात या जातीच्या पात्राला 'क्लुरिकॉन' असे नाव आहे. १८८८ मध्ये डब्ल्यू. बी. येट्स यांनी आपल्या संकलनात परीसृष्टीचे दोन वर्ग पाडले : थव्याने हिंडणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या. लेप्रेकॉन दुसऱ्या वर्गातला. तो एकटा असतो, चांभारकाम करतो, बहुधा एकच जोडा शिवताना दिसतो, आणि जुन्या काळी पुरलेल्या सोन्याच्या हंड्यांचा ठावठिकाणा त्याला ठाऊक असतो. आज त्याच्या अंगावर हमखास दिसणारा हिरवा पोशाखही उत्तरकालीन आहे. एकोणिसाव्या शतकातील सॅम्युएल लव्हर यांच्यासारख्या लेखकाच्या वर्णनात त्याचा अंगरखा तांबडा आहे.

या कथांचा गाभा एका अटीत आहे. माणसाने लेप्रेकॉनवरची नजर क्षणभरही काढता कामा नये. नजर आहे तोवर तो बांधलेला. ती ढळली की तो नाहीसा. क्रोकर यांच्या संग्रहातील प्रसिद्ध कथेत शेतकरी नजर ढळू न देता धनाची जागा काढून घेतो. एका रानटी झुडपाखाली धन आहे, असे त्याला दाखवले जाते. तो खूण म्हणून झुडपाला तांबडी फीत बांधतो, ती सोडणार नाही असे वचन घेतो आणि कुदळ आणायला घरी जातो. परत येऊन पाहतो तो शेतातल्या प्रत्येक झुडपाला तशीच फीत. वचन अक्षरशः पाळले गेलेले असते. शेतकरी ठकतो, परंतु त्याचे स्वतःचे असे काहीच जात नाही. कथेच्या आरंभी होता तेवढाच गरीब तो शेवटी असतो. हसू येते ते याच समतोलामुळे.

३

गिऱ्ह्याची गोष्ट वेगळ्या भूमीत उभी आहे. 'फोकलोअर नोट्स' या मालिकेचा कोकणाविषयीचा दुसरा खंड १९१५ मध्ये आर. ई. एन्थोवेन यांनी प्रसिद्ध केला. त्यातील सामग्री मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून मिळवलेली होती. या खंडातील भुतांची यादी मराठी वाचकाला परिचित आहे : ब्रह्मसमंध, मुंजा, देवचार, खवीस, झोटिंग, चेडा, अळवंत, जखीण, हडळ. यादी वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. येथे भूत ही माणसापासून वेगळी अशी योनी नाही. भूत म्हणजे मेलेले माणूस, आणि मेल्यावरही त्याची सामाजिक ओळख सुटलेली नाही. मुंजा हा मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा. देवचार हा लग्नानंतर मेलेला शूद्र. अळवंत ही बाळंतपणात गेलेली स्त्री. जात, लिंग, संस्कार झाला की राहिला, लग्न झाले की नाही, या कसोट्यांनी परलोकाची वस्ती आखलेली आहे.

या आखणीत गिऱ्हा थोडा आडवा बसतो. त्याची व्याख्या जातीने होत नाही, मृत्यूच्या प्रकाराने होते. जो बुडून मेला किंवा ज्याचा खून झाला, तो गिऱ्हा. तो पाण्यात राहतो, रात्रीच्या वेळी हाका मारतो आणि माणसाला आडवाटेला नेतो. मात्र त्याच्या डोक्याचे केस ज्याच्या हाती लागतील, त्याचा तो गुलाम होतो आणि मागेल ते पुरवतो. तो सतत केस परत मागत राहतो. आणि धन्याने ते दिले, की त्याच धन्याला छळून सोडतो.

शब्दाकडे पाहिले तरी काही सुचते. 'गिऱ्हा' हा शब्द 'ग्रह', 'गिऱ्हे' या शब्दकुळाच्या जवळचा वाटतो, आणि 'ग्रह' या शब्दात 'धरणारा' हा अर्थ मुळातच आहे. धरणाराच येथे धरला जातो. कथेतील उलटापालट अशी नावातच दडलेली असणे शक्य आहे.

लांजा तालुक्यासारख्या प्रदेशाचा भूगोल डोळ्यांसमोर ठेवला, तर या भुताची वस्ती पाण्यात का, हे समजणे अवघड नाही. हा कोकणचा समुद्रापासून आत सरकलेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा भाग. माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी येथून उतरत पूर्णगडापाशी समुद्राला मिळते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस काही महिन्यांत कोसळतो. उन्हाळ्यात कोरडे पडलेले वहाळ आणि पऱ्हे आषाढात माणूस वाहून नेतात. वाडीतून वाडीत जाण्यासाठी एखादा साकव, तोही पुरात बेभरवशाचा. अशा भूमीत रात्री पाण्याकडून आलेल्या हाकेला ओ देऊ नये, ही शिकवण कथेतून मुलांपर्यंत जाते. त्याच मुचकुंदीच्या उगमाशी मुचकुंद ऋषीची गुहा दाखवली जाते. झोपमोड करणाऱ्या कालयवनाला ज्याच्या दृष्टीने भस्म केले, तोच हा पुराणातला मुचकुंद. नदीच्या माथ्यावर पुराणाने नाव कोरलेला निद्रिस्त राजा, आणि प्रदेशभरच्या कोंडांशी, डोहांशी जोडलेला निनावी बुडालेला माणूस. एकाची कथा ग्रंथात आहे. दुसऱ्याचे नाव त्याच्या मरणाच्या प्रकारापलीकडे जात नाही.

४

दोन्ही परंपरांविषयीचे ज्ञान अभ्यासकाकडे कसे आले, याचाही विचार तुलनेत झाला पाहिजे. योगायोग असा की दोन्हीकडे शाळा ही मध्यस्थ आहे. आयर्लंडमध्ये १९३५ साली स्थापन झालेल्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून कथा उतरवून आणायला सांगितले. सुमारे पाच हजार शाळांतील सुमारे पन्नास हजार मुलांनी हे काम केले. नव्याने स्वतंत्र झालेले राष्ट्र आपल्याच आजीआजोबांना विचारत होते.

कोकणातील सामग्रीची दिशा नेमकी उलटी आहे. येथे विचारणारा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी आणि उत्तर देणारा सरकारी शाळेचा मास्तर. प्रश्नावलीचा साचा उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरील विल्यम क्रुक यांच्या ग्रंथाच्या धर्तीवर बेतलेला. जॅक्सन हे व्यासंगी संस्कृतज्ञ होते. पण नाशिकचे कलेक्टरही होते, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या त्या पदावरील अधिकाऱ्यावर. त्यांची सामग्री ग्रंथरूपाने आली ती मृत्यूनंतर, दुसऱ्याच्या संपादनाखाली. १८७८ च्या निधी-विषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास ते ज्याला कळवायचे, तो अधिकारीही कलेक्टरच. अशा सत्तेला भुताखेतांविषयी कागदावर उत्तर देताना मास्तर काय लिहील आणि काय गाळील, याची कल्पना करता येते.

परिणाम संहितेत दिसतो. आयरिश मुलांच्या वह्यांत पुष्कळदा गोष्ट आहे : अमक्या माणसाने तमक्या शेतात काय पाहिले. कोकणच्या खंडात गोष्ट नाही, व्याख्या आहे. गिऱ्हा म्हणजे काय, हे चार वाक्यांत सांगितले जाते. कोणाचा गिऱ्हा, कोणत्या डोहातला, केस कोणी कापले, हे सांगितले जात नाही. कथन गळून पडते आणि वर्गीकरण उरते. पुढील काळात मराठी लेखनात भुतांच्या ज्या याद्या पुनःपुन्हा उतरल्या, त्या बहुतेक याच साच्याच्या आहेत. म्हणून गिऱ्हा हा कथेचा नायक न राहता कोशातील नोंद झाला. लेप्रेकॉनशी त्याची बरोबरी करणे सोपे वाटते, त्याचे एक कारण हेच. नोंदीची नोंदीशी तुलना सहज होते.

५

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये पात्रापेक्षा त्याचे कथेतील कार्य महत्त्वाचे मानले. तो धडा येथे उपयोगी पडतो. दोन्ही कथांत तीन कार्ये समान आहेत : पकड, लाभ, सुटका. भेद आहे तो पकडीच्या साधनात, आणि साधनाबरोबर संबंधाचे स्वरूपच बदलते.

नजर ही क्षणाची पकड आहे. तिच्यात दोघेही जागेवर खिळलेले असतात. बांधणाराही बांधलाच जातो, कारण त्याला दुसरीकडे पाहता येत नाही. हा दोन चतुरांमधला डाव आहे. केस ही मात्र मालमत्ता आहे. ते कापता येतात, लपवता येतात, घरात ठेवून दुसऱ्या कामाला जाता येते. धन्याची नजर नसली तरी गिऱ्हा राबतच राहतो. डाव संपून येथे चाकरी सुरू होते. लेप्रेकॉनकडून मिळते ते पूर्वी कोणीतरी पुरलेले, आयते धन. गिऱ्ह्याकडून मिळतो तो त्याचा श्रम.

जॉर्ज फॉस्टर यांनी मेक्सिकोतील एका खेड्याच्या आधारे १९६४ मध्ये असे मांडले, की ज्या समाजात संपत्ती एकूण ठरावीकच आहे अशी समजूत असते, तेथे कोणी अचानक श्रीमंत झाला तर त्याची उपपत्ती गुप्तधनाच्या कथेने लावली जाते. गुप्तधन बाहेरून आलेले असल्यामुळे कोणाच्या ताटातले काढून घेतल्याचा आरोप टळतो. लेप्रेकॉनच्या कथेला ही उपपत्ती बरीचशी लागू पडते. गिऱ्ह्याला ती अर्धीच लागू पडते. गिऱ्ह्याच्या धन्याची भरभराटही बाहेरून आलेली आहे. पण ती कोणाचे तरी घेऊनच आलेली आहे. ज्याचे घेतले तो मेलेला आहे, आणि तोही धड मेलेला नाही : बुडालेला किंवा मारला गेलेला. कथेचा नैतिक पेच येथे आहे. ज्याच्यावर आधीच अन्याय झाला, त्यालाच पुन्हा वेठीला धरून घर भरते.

'वेठ' हा शब्द येथे सहज आलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्याचा ग्रामीण इतिहास खोतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. खोत आणि कूळ यांच्यातील संबंधात शेतसाऱ्याबरोबर वेठीची मागणीही असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ मध्ये. या व्यवस्थेत जगणाऱ्या ऐकणाऱ्याला गिऱ्ह्याची अवस्था अपरिचित वाटली नसणार. केस धन्याच्या पेटीत आणि अंग धन्याच्या कामाला.

येथे एक आक्षेप स्वतःहून उपस्थित केला पाहिजे. भुताचे केस किंवा शेंडी हस्तगत करून त्याला राबवण्याच्या कथा खोती नसलेल्या प्रदेशांतही सांगितल्या जातात. म्हणजे हा कल्पनाबंध खोतीने निर्माण केलेला नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्यामुळे निष्कर्ष खोटा न ठरता अधिक काटेकोर होतो. अर्थ कल्पनाबंधात साठवलेला नसतो. तो सांगणारा, ऐकणारा आणि सांगण्याचा प्रसंग यांच्यात घडतो. एकच बंध खोताच्या ओटीवर आणि कुळाच्या पडवीत निराळा ऐकू येतो. केस परत देऊ नयेत, ही ओटीवरची शिकवण होऊ शकते; केस परत मिळाले की गिऱ्हा काय करतो, हे पडवीत लक्षपूर्वक ऐकले जाऊ शकते.

६

एवढ्यावरून आयरिश कथा विनोदी आणि कोकणी कथा गंभीर, अशी राष्ट्रस्वभावाची विभागणी करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण आयरिश परंपरेचाच सर्वात जुना पुरावा तिच्याविरुद्ध जातो. फर्गस माक लेटी या राजाच्या प्राचीन आयरिश कथेत समुद्राकाठी झोपलेल्या राजाला काही खुजे जलवासी उचलून पाण्याकडे नेतात. पायांना पाण्याचा गारवा लागताच राजा जागा होतो आणि त्यांना पकडून ठेवतो. सुटकेच्या बदल्यात ते त्याला पाण्याखाली संचार करण्याची शक्ती देतात, मात्र एका विशिष्ट जलाशयात उतरण्याची मनाई करतात. राजा ती मोडतो, त्याचे तोंड वाकडे होते आणि अखेर तो त्याच पाण्यात मरतो. लेप्रेकॉनचा पूर्वज तो हाच. जोडा नाही, हंडा नाही. पाणी आहे, हाताची पकड आहे, लाभ आहे आणि लाभामागून येणारा विनाश आहे. हा पूर्वज एकोणिसाव्या शतकातील चांभारापेक्षा गिऱ्ह्याच्या अधिक जवळचा आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीही असेच झाले. 'लहान देह' ही व्युत्पत्ती दीर्घकाळ मानली गेली. 'एक जोडा' ही लोकव्युत्पत्तीही प्रचलित होती. २०१९ मध्ये प्राचीन आयरिशच्या कोशाचे काम करणाऱ्या अभ्यासकांनी हा शब्द लॅटिनमधील 'लुपर्की' या, रोमन उत्सवाशी निगडित शब्दावरून विद्वानांच्या ग्रंथांमार्फत आला असावा, असे मांडले. ज्याला अस्सल देशी म्हणून मिरवले, त्याच्या नावातच परका ग्रंथ असण्याची शक्यता निर्माण झाली. लोकपरंपरा म्हणजे ग्रंथांपासून अस्पर्श राहिलेले काही, ही समजूत मराठीतही तपासून घेण्याजोगी आहे.

तेव्हा विनोद आणि गांभीर्य हे भेद देशांचे नसून काळाचे आणि संहितीकरणाचे आहेत. लेप्रेकॉन सौम्य झाला तो छापील संग्रहांच्या वाचकवर्गासाठी. गिऱ्हा तसा सौम्य झाला नाही, कारण त्याची कथा छापलीच गेली नाही; छापली गेली ती व्याख्या.

७

जोड्याच्या संदर्भात कोकणात आणखी एक समांतर आहे आणि ते अधिक बोलके आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठ्या आकाराच्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. वेतोबा रात्री गावाच्या राखणीला हिंडतो आणि त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. आयरिश कथेत जोडे शिवणारा स्वतःच अद्भुत आहे, आणि धनाचे गुपितही त्याच्यापाशीच आहे. कोकणात अद्भुत आहे तो वहाणा घालणारा. वहाणा शिवणारा माणूस कथेच्या चौकटीबाहेर आहे. त्याचे कसब देवाच्या पायाशी पोचते, पण कथेत त्याला पात्र म्हणून जागा नाही. चामड्याच्या कामाला जातिव्यवस्थेने जे स्थान दिले, ते पाहता ही अनुपस्थिती अपघाती मानता येत नाही. केवळ 'पादत्राण' हा घटक नोंदून थांबणाऱ्या सूचीला ही रिकामी जागा दिसणार नाही.

८

आज दोन्ही आकृत्या बाजारात आहेत. लेप्रेकॉन पर्यटनाचे आणि विक्रीचे चिन्ह झाला आहे. कोकणातील भुते दूरदर्शन-मालिकांतून आणि चित्रपटांतून घरोघर पोचली आहेत. २०१८ मधील 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाचे नाव घेऊन हस्तर नावाचा धनलोभी देव उभा केला. हस्तर लोकपरंपरेतला नाही, तो पटकथेची निर्मिती आहे. तरी प्रेक्षक त्याला कोकणातील जुनी दंतकथा म्हणून स्वीकारतात. विशेष असे, की हस्तरकडून नाणी हिसकावण्याची कृती गिऱ्ह्यापेक्षा लेप्रेकॉनच्या डावाला जवळची आहे, आणि शेवट मात्र कोकणी वळणाचा, लोभ्याला गिळणारा आहे.

दुसरीकडे गुप्तधन ही आजही केवळ कथा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांची आणि नरबळीची स्पष्ट नोंद अनुसूचीत घ्यावी लागली. ज्या समाजात धनासाठी माणसाचा बळी देण्याविरुद्ध कायदा करावा लागतो, तेथे मारल्या गेलेल्या माणसाला राबवून धन मिळवण्याची कथा निव्वळ मनोरंजन म्हणून वाचणे हे अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे आहे.

लेप्रेकॉनला मराठीत लेप्रेकॉनच म्हणावे, हा अनुवादकापुरता निष्कर्ष. अभ्यासकापुरता निष्कर्ष अधिक श्रमाचा आहे. गिऱ्ह्याला 'कोकणचा लेप्रेकॉन' म्हणताना त्याच्या व्याख्येतील पहिली अट पुसली जाते : तो कोणी तरी होता, आणि त्याचे मरण सरळ नव्हते. लांजा, राजापूर, संगमेश्वर या पट्ट्यात अजूनही सांगितल्या जाणाऱ्या कथा पूर्ण कथनाच्या स्वरूपात, सांगणाऱ्याची भाषा, सांगण्याचा प्रसंग आणि सांगणाऱ्याचे खोतीतील स्थान यांच्यासह नोंदल्या गेल्या, तरच १९१५ च्या यादीतील चार वाक्यांना पुन्हा गोष्टीचे रूप येईल. त्यानंतरच आयरिश शाळांतील मुलांच्या वह्यांशी त्यांची तुलना बरोबरीच्या पायावर करता येईल.